पेशव्यांचा दरबार कोणी रंगवला?

लंडनच्या टेट संग्रहात पुण्याच्या शनिवारवाड्यातील एका दरबाराचे भव्य तैलचित्र आहे. गादीवर सवाई माधवराव पेशवे, त्यांच्याजवळ नाना फडणवीस, समोर कंपनीचा पुण्यातील वकील चार्ल्स वॉर मॅलेट आणि भोवती मानकरी, कारभारी, इंग्रज अधिकारी व सेवक असा हा देखावा आहे. प्रसंग 6 ऑगस्ट 1790 चा. टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांची युती झाली होती. तिचा पुण्याचा तह 1 जून 1790 रोजी ठरला. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या मंजुरीनिशी परत आलेला तहनामा मॅलेटने त्या दिवशी भर दरबारात पेशव्यांच्या हाती दिला. चित्रकार म्हणून थॉमस डॅनियलचे नाव लागते आणि वर्ष दिले जाते 1805.

प्रसंग आणि चित्र यांत पंधरा वर्षांचे अंतर आहे. 1790 च्या ऑगस्टमध्ये डॅनियल उत्तर हिंदुस्थानात फिरत होता. पुण्याच्या या दरबारातला एकही चेहरा त्याने त्या दिवशी पाहिला नव्हता. चित्र पुरे झाले तेव्हा पेशवे आणि नाना दोघेही हयात नव्हते. सवाई माधवराव 27 ऑक्टोबर 1795 रोजी शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून वारले आणि नाना 13 मार्च 1800 रोजी. तरीही चित्रातले चेहरे कल्पनेने काढलेले वाटत नाहीत. ते विशिष्ट माणसांचे आहेत. मग ते कोणाच्या डोळ्यांनी पाहिले आणि कोणाच्या हाताने उतरवले, हा प्रश्न चित्राखालच्या पाटीने मिटत नाही.

त्याचे उत्तर जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारापाशी सापडते. वेल्सचा जन्म 1747 साली पीटरहेड या बंदरगावी झाला. चाळिशी उलटल्यावर तो नशीब काढायला हिंदुस्थानात आला आणि 1791 च्या जुलैमध्ये मुंबईत उतरला. पुढच्या वर्षी मॅलेटच्या आश्रयाने तो पुण्याला पोहोचला. मुळा-मुठेच्या संगमावर मॅलेटची रेसिडेन्सी होती आणि पुढची तीनेक वर्षे वेल्सचा मुक्काम पुणे, मुंबई आणि सभोवतालची लेणी असा फिरता राहिला. पेशवे, नाना आणि महादजी शिंदे यांना प्रत्यक्ष समोर बसवून त्याने चित्रे काढली. त्याची रोजनिशी आणि रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. मराठी दरबारातील माणसांची युरोपीय पद्धतीने काढलेली, तारीखवार माग काढता येणारी चित्रे म्हणून या संग्रहाचे मोल फार मोठे आहे.

दरबाराचे मोठे चित्र मॅलेटला हवे होते. त्याच्या वकिलातीतला तो सर्वांत मोठा विजय होता आणि 1791 साली त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला होता. वेल्सने त्यासाठी एकेका माणसाची स्वतंत्र टिपणे सुरू केली. पण 1795 च्या नोव्हेंबरात, साष्टीतील लेण्यांचे काम चालू असताना, तो तापाने वारला. पेशव्यांच्या मृत्यूला तेव्हा काही आठवडेच झाले होते. तयार रेखाटने मॅलेटकडे राहिली. मॅलेट 1797 साली पुण्याहून निघाला, इंग्लंडला परतला आणि 1799 साली त्याने वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी लग्न केले. त्यामुळे सासऱ्याचे कागद आणि जावयाची हौस एकाच घरात आली. थॉमस डॅनियलची आणि वेल्सची 1793 साली मुंबईत भेट झाली होती. घारापुरी, कान्हेरी, कार्ले ही लेणी त्यांनी बरोबरीने पाहिली होती. वेल्सची वेरूळची रेखाटने 1803 साली प्रसिद्ध झाली, तीही डॅनियलच्याच हातून. दरबाराचे अर्धे राहिलेले काम त्याच्याकडे जाणे ओघानेच आले. 1805 साली ते लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले आणि 1807 साली चार्ल्स टर्नरने त्यावरून मेझोटिंट पद्धतीचा छाप काढला.

येथे थॉमस डॅनियलचा पिंड लक्षात घ्यावा लागतो. तो निसर्गदृश्यांचा आणि इमारतींचा चित्रकार होता. पुतण्या विल्यमबरोबर त्याने काढलेल्या ‘ओरिएंटल सीनरी’ या मालिकेत 144 छापील चित्रे आहेत आणि त्यांचा मोठा भाग मंदिरे, घाट, किल्ले, मशिदी यांचा आहे. माणसाचा चेहरा हे त्याचे मुख्य काम कधीच नव्हते. म्हणून दरबाराच्या चित्रात दालनाची खोली, खांबांची रांग, उजेडाची चढउतार यांत डॅनियलची ओळख पटते, तर चेहऱ्यांच्या नेमकेपणात वेल्सची. दोघांच्या कामात अशी रेघ ओढणे पुष्कळदा अवघड असते. येथे वेल्सची मूळ रेखाटने उरली आहेत, म्हणून ती ओढता येते.

चित्रातल्या व्यक्ती कोण, हा दुसरा प्रश्न. अशा सामूहिक चित्राचा छाप निघाला की त्याबरोबर माणसांच्या नुसत्या कडा दाखवणारी आणि क्रमांक घातलेली आकृती देण्याची इंग्लंडमध्ये रीत होती. अशी यादी असली तर काम सोपे होते, पण तीही डोळे झाकून घ्यायची नसते. यादी करणारा लंडनमध्ये बसलेला असतो, नावे इंग्रजी कानाने ऐकलेली असतात आणि ‘बहिरो पंत’, ‘हरी पंत’, ‘माधव राव’ अशा तुटक रूपांतून नेमका माणूस शोधावा लागतो. माधवराव नावाचे किती तरी सरदार त्या काळी पुण्यात होते.

म्हणून नावाची पडताळणी बाहेरच्या कागदांनी करावी लागते आणि येथे मराठी साधनांचा खरा उपयोग होतो. पहिली कसोटी हजेरीची. 6 ऑगस्ट 1790 रोजी कोण पुण्यात होते आणि कोण नव्हते, हे तारखांवरून ठरवता येते. महादजी शिंदे त्या दिवशी पुण्यात नव्हते. त्यांच्या फौजेने 20 जूनला राजपुतान्यात पाटणची लढाई जिंकली होती आणि सप्टेंबरात मेडत्याची लढाई व्हायची होती. महादजी पुण्यास आले ते 1792 च्या जूनमध्ये. परशुरामभाऊ पटवर्धन टिपूवरच्या मोहिमेत होते. कॅप्टन लिटलची इंग्रज पलटण जूनमध्येच त्यांच्या फौजेला येऊन मिळाली होती आणि सप्टेंबरात धारवाडला वेढा पडला. तेव्हा या दरबाराच्या चित्रात कोणी महादजींचा किंवा भाऊंचा चेहरा दाखवला, तर तो प्रसंगाचा साक्षीदार ठरत नाही. फार तर नंतर काढलेले त्यांचे रेखाटन मानासाठी तेथे बसवले, एवढेच म्हणता येईल. उलट बहिरो रघुनाथ मेहेंदळे यांची हजेरी स्वाभाविक ठरते, कारण इंग्रज वकिलाशी पेशव्यांचे बोलणे त्यांच्यामार्फतच चाले.

दुसरी कसोटी वयाची. सवाई माधवरावांचा जन्म 18 एप्रिल 1774 चा. तहाच्या दिवशी ते सोळा वर्षांचे होते. वेल्सने त्यांना पाहिले ते अठराव्या वर्षी आणि त्यानंतर. सोळा आणि एकवीस या वयांत मुलाचा चेहरा किती बदलतो हे सर्वांना ठाऊक आहे. दरबाराच्या चित्रातला पेशवा म्हणूनच 1790 चा नव्हे. तो वेल्सच्या समोर बसलेला, त्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा झालेला तरुण आहे. प्रसंगाची तारीख आणि चेहऱ्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐतिहासिक चित्रांवर लिहिताना हा भेद फार वेळा विसरला जातो आणि मग चित्रावरून ‘सोळाव्या वर्षी पेशवे असे दिसत’ असे विधान बेधडक केले जाते.

लंडनच्याच रॉयल एशियाटिक सोसायटीत वेल्सचे आणखी एक तैलचित्र आहे. त्यात सवाई माधवराव, नाना आणि सेवक एवढेच आहेत आणि ते 1792 चे मानले जाते. दरबाराच्या चित्रातील चेहरे पारखायला याच्याइतके दुसरे चांगले साधन नाही. एकाच चित्रकाराने, जवळपास एकाच काळात, त्याच दोन माणसांना समोर बसवून काढलेले हे काम आहे. नानांचा उंच, सडपातळ बांधा, लांबट चेहरा, बारीक नाक आणि गंभीर डोळे मराठी वाचकाला पाठ्यपुस्तकांमुळे लहानपणापासून ओळखीचे आहेत. ती ओळख मुळात वेल्सने करून दिलेली आहे. पुढे निघालेल्या छापांतून, नकलांतून आणि पुस्तकांतून वेल्सचेच नाना पुन्हा पुन्हा आले. त्यामुळे एखादे चित्र ‘नानांसारखे दिसते’ एवढ्यावरून ते स्वतंत्र पुरावा ठरत नाही. ते वेल्सची नक्कल असण्याची शक्यता आधी तपासावी लागते.

महादजींच्या चित्रांबाबत कालमर्यादा आणखी काटेकोर घालता येते. जून 1792 मध्ये ते पुण्यास आले आणि 12 फेब्रुवारी 1794 रोजी वानवडीच्या छावणीत वारले. वेल्सला ते समोर बसले असतील तर याच वीस महिन्यांत. वेल्सच्या नावावर सांगितले जाणारे महादजींचे कोणतेही चित्र या चौकटीत बसले पाहिजे. या चौकटीबाहेरची तारीख त्यावर असेल, तर तारीख तरी चुकीची, चित्रकार तरी वेगळा, किंवा चित्र नक्कल. महादजींचा पाय पानिपतच्या रणात जायबंदी झाला होता आणि ते अखेरपर्यंत लंगडत. पण बसलेल्या माणसाच्या चित्रात ही खूण उपयोगाची नाही. म्हणून भरदार देह, सावळा वर्ण आणि साधा वेश या समकालीनांनी नोंदवलेल्या गोष्टींवरच भिस्त ठेवावी लागते, आणि त्या एकट्यादुकट्या पुरेशा नसतात.

वेश ही तिसरी कसोटी, आणि ती जितकी मोहक तितकीच फसवी. जामा कोणत्या बगलेखाली बांधला आहे हे जुन्या चित्रांत बघण्यासारखे असते. मोगल काळापासून हिंदू तो डाव्या बाजूला आणि मुसलमान उजव्या बाजूला बांधत. दरबारात दोन्ही धर्मांचे सरदार शेजारी शेजारी बसत, त्यामुळे अनोळखी चेहऱ्याची निदान एक बाजू या बंदांवरून कळते. कपाळावरचे गंध, कानातली भिकबाळी किंवा चौकडा, पगडीचा घाट, शिरपेच आहे की नाही, हातातली शाल कशी घेतली आहे, या सगळ्यांतून माणसाचा दर्जा कळतो. नाव मात्र कळत नाही. सरदाराने वापरलेला पोशाख त्याच दर्जाच्या दुसऱ्या सरदाराचाही असू शकतो. शिवाय युरोपीय चित्रकार चेहरा समोर बसवून काढत आणि कपडे नंतर, सवडीने, एखाद्या नोकराच्या अंगावर चढवून पुरे करत. डॅनियलपाशी तर लंडनमध्ये फक्त रेखाटने होती.

नाव लिहिलेल्या चित्रांची गोष्टही सरळ नसते. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्यात युरोपीय ग्राहकांसाठी राजे-सरदारांच्या चित्रांचे संच तयार होत. त्यांवरची नावे डच, फ्रेंच किंवा इटालियन अक्षरांत नंतर लिहिली जात. चित्र काढणारा एक आणि नाव लिहिणारा दुसरा. छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र अशाच एका संचातले आहे, अॅमस्टरडॅमच्या रायक्स म्युझियममधल्या विटसेन संग्रहात. वा. सी. बेंद्रे यांनी 1933 साली डच साधनांतले महाराजांचे चित्र महाराष्ट्रापुढे आणले, तोवर दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतक्या मोठ्या पुरुषाच्या बाबतीत अशी चूक वर्षानुवर्षे चालली, ती केवळ पाटीवर विश्वास ठेवल्यामुळे.

पुण्याच्या चित्रांच्या शोधात एक नाव अनेक वर्षे मागे राहिले, ते गंगाराम चिंतामण तांबट यांचे. वेल्स आणि मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा चालू झाली होती आणि गंगाराम तिचे सर्वांत नामांकित चित्रकार. त्यांना ‘वेल्सचे शिष्य’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. पण येल येथील संग्रहात त्यांनी काढलेले पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र आहे आणि त्यावरची तारीख नोव्हेंबर 1790 आहे. वेल्स मुंबईत उतरण्याच्या आठ महिने आधीची. म्हणजे गंगाराम मॅलेटसाठी काम करत होते ते वेल्स येण्यापूर्वीपासून. वेल्सकडून त्यांनी काही घेतले असेल, पण त्यांना घडवले ते वेल्सने नव्हे. मॅलेटसाठी ते पुढे वेरूळला गेले आणि तेथल्या लेण्यांची रेखाटने त्यांनी केली. डोळ्यांसमोरच्या गोष्टीचे माप घेऊन ती कागदावर उतरवणारा, नावानिशी ओळखता येणारा असा मराठी चित्रकार अठराव्या शतकात दुर्मीळ आहे.

गंगारामांच्या नावामुळे दरबाराच्या चित्राचा प्रश्न अधिक मोकळा होतो. मॅलेटच्या संग्रहात वेल्स, त्याचा साहाय्यक रॉबर्ट मेबन आणि गंगाराम अशा अनेकांचे काम एकत्र आले. कागद एकाच घरात राहिले आणि पुष्कळांवर सही नव्हती. सही नसलेले काम सर्वांत प्रसिद्ध माणसाच्या नावावर चढते, हा जुन्या चित्रांच्या जगातला नेहमीचा अनुभव आहे. लंडनमध्ये ते डॅनियलच्या नावावर चढले आणि डॅनियलच्या मागे वेल्स दिसू लागल्यावर सगळे वेल्सच्या नावावर जाऊ लागले. वास्तविक प्रत्येक कागद स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. गंगाराम रेषेने आकार बांधतात. मुंगी, पान, खांबाची नक्षी यांत त्यांचा हात सारखाच बारीक चालतो. वेल्स छायाप्रकाशाने गालाचा आणि कपाळाचा उठाव दाखवतो. हा फरक अनुभवी नजरेला कळतो. तरी नजरेच्या निकालाला कागदाचा, शाईचा आणि कागदावरील जलचिन्हाचा आधार मिळाला तरच तो टिकतो.

तैलचित्रांच्या बाबतीत रंगांची तपासणी फार कामी येते. वेल्सच्या हयातीत निळ्यासाठी प्रशियन निळा मिळत असे. तो अठराव्या शतकाच्या आरंभापासून वापरात होता. कोबाल्ट निळा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तयार होऊ लागला, कृत्रिम अल्ट्रामरीन 1828 च्या सुमारास आणि टायटॅनियम पांढरा विसाव्या शतकात. ‘1792 चे, वेल्सचे’ म्हणून सांगितलेल्या नानांच्या चित्रात शालीच्या निळ्या काठात मुळापासून कोबाल्ट निळा सापडला, तर ते चित्र वेल्सचे नाही. मात्र वरच्या थरात सापडला तर ती नंतरची डागडुजी असू शकते. म्हणून नमुना कोणत्या थरातून घेतला हे सांगणे आवश्यक असते. क्ष-किरणांनी वरच्या रंगाखाली दडलेले आधीचे रंगकाम दिसते. मूळ चित्रकार काम करताना हाताची जागा बदलतो, पगडी वर-खाली करतो, आणि असे बदल खाली राहून जातात. नक्कल करणाऱ्याला सगळे तयार मिळालेले असते, त्यामुळे त्याच्या चित्राखाली अशी चाचपड सहसा दिसत नाही.

नकलांचा प्रश्न पुण्याच्या चित्रांत मोठाच आहे. नाना, महादजी आणि पेशवे यांच्या चित्रांना एकोणिसाव्या शतकात मागणी होती. सरकारी बंगल्यांत, संस्थानिकांच्या वाड्यांत आणि सरदारांच्या दिवाणखान्यांत त्यांच्या प्रती लागल्या. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी 1921 साली ‘पूना इन बायगॉन डेज’ हे इंग्रजी पुस्तक लिहून पेशवाईतील पुण्याच्या इमारती, माणसे आणि चित्रे यांच्याकडे लक्ष वेधले. त्यांचे काम मोलाचे आहे. पण त्या काळी मूळ आणि प्रत यांचा भेद करण्याची साधने हाताशी नव्हती आणि पुढच्या लेखकांनी छापील चित्र हाच पुरावा मानला. चित्र कोणत्या घरातून कोणत्या घरात गेले, लिलावात केव्हा आले, चौकटीमागे कोणती चिठ्ठी होती, याची साखळी लावल्याशिवाय असे पुरावे उभे राहत नाहीत. मॅलेटच्या दरबारचित्राची साखळी तुलनेने भक्कम आहे. एका घराण्याच्या मालकीतून ते पुढे आले आणि 2007 साली टेटने ते विकत घेतले.

या चित्राचे आणखी एक मोल आहे. प्रसंग घडला तो शनिवारवाड्यातील गणपती रंगमहालात. नानासाहेब पेशव्यांनी बांधवून घेतलेले हे दालन वाड्यातील सर्वांत देखणे मानले जाई. 1828 च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली, कित्येक दिवस ती धुमसत राहिली आणि आतल्या लाकडी इमारती जळून गेल्या. आज तेथे जोती, कारंज्यांच्या जागा आणि तट उरले आहेत. सुरूदार खांब, महिरपी, नक्षीचे छत यांचा दरबार चालू असतानाचा देखावा या एका चित्रात सलगपणे मिळतो. म्हणून दालनाचा कोणता भाग वेल्सने जागेवर मोजून घेतला आणि कोणता डॅनियलने लंडनमध्ये रचला, हे ठरवणे वास्तूच्या इतिहासासाठीही आवश्यक आहे. वाड्याच्या उरलेल्या जोत्यांची मापे चित्रातील खांबांच्या अंतराशी ताडून पाहता येतात.

एवढ्या पुराव्यानंतर दरबाराच्या चित्राखाली केवळ डॅनियलचे नाव लिहिणे अपुरे आहे. रंगकाम आणि एकूण रचना थॉमस डॅनियलची, चेहरे जेम्स वेल्सच्या पुण्यातील रेखाटनांवरून, प्रसंगाची कल्पना आणि खर्च मॅलेटचा, अशी नोंद असली पाहिजे. चित्रातल्या व्यक्तींमध्ये सवाई माधवराव, नाना आणि मॅलेट यांच्याबद्दल शंका राहत नाही. मानकऱ्यांच्या रांगेतले चेहरे मात्र एकेक करून, हजेरीच्या तारखांशी ताडूनच स्वीकारावेत. मागे उभे असलेले हुजरे, चोपदार आणि चवरीवाले यांची नावे कोणत्याही इंग्रजी यादीत सापडणार नाहीत. ती मिळाली तर पुण्याच्या पेशवे दप्तरातील हजेरीपटांत, पगाराच्या याद्यांत आणि वाड्याच्या खर्चाच्या रुमालांतच, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतच, मिळतील. मोडी वाचणाऱ्या अभ्यासकांनी 1790 ते 1795 या वर्षांचे ते रुमाल येलमधल्या रेखाटनांच्या शेजारी ठेवून वाचावेत.